शेफ व्हायचंय? आधी मखनीचं पातेलं बघून घ्या

सगळ्यात आधी सांगून टाकते, मी किचन सोडलेलं नाही. त्यामुळे हे "कसं फसवलं मला या क्षेत्राने" टाइपचं रडगाणं नाहीये. पण दरवर्षी बारावीचा निकाल लागला की कुणाच्या तरी ओळखीतून फोन येतो, आमच्या मुलाला किंवा मुलीला शेफ व्हायचंय, जरा बोल ना तिच्याशी, आणि मग मी पंधरा मिनिटं बोलते आणि फोन ठेवल्यावर वाटतं की जे सांगायचं ते राहिलंच. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं स्वप्न टीव्हीने दिलेलं. 2010 ला टीव्हीवर त्या कुकिंगच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा मी आठवी-नववीत असेन, आम्ही सिंहगड रोडला राहायचो आणि रात्रीची जेवणं टीव्हीसमोरच व्हायची. पांढराशुभ्र कोट, मोठ्या प्लेटच्या मधोमध एवढंसं काहीतरी, त्यावर चिमट्याने ठेवलेलं एक पान, आणि परीक्षक डोळे मिटून खातायत. मला ते डोळे मिटणं फार आवडायचं. तेव्हा हे कुणी सांगितलं नाही की ज्या संजीव कपूरांना बघून आपल्या आयांनी वह्या भरल्या ते टीव्हीवर येण्याआधी मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ होते, म्हणजे टीव्हीवरच्या त्या हसऱ्या माणसामागे हॉटेलच्या किचनमधली कित्येक वर्षं होती. ती वर्षं कुणी दाखवत नाही, आणि बरोबरच आहे म्हणा, बघणार कोण?

घरी सांगितलं तेव्हा बाबा गप्प बसले, आई म्हणाली बघू, आणि आजी म्हणाली, "चार वर्षं फी भरून कांदेच चिरायचे तर इथे चीर की, मी फुकट शिकवते." आजीचा अंदाज बराचसा बरोबर निघाला.

सीईटी दिली, पुण्यातच बीएचएमसीटीला, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या डिग्रीला, अ‍ॅडमिशन मिळाली. कॉलेजबद्दल फार लिहीत नाही कारण ते ठीकठाक असतं. नखं तपासतात, केसांना जाळी, बुटांना पॉलिश. फ्रेंच नावं पाठ करतात. पाच मदर सॉस असतात, बेशामेल, व्हेलुते, एस्पान्योल, हॉलंडेझ आणि टोमॅटो, हे मला आजही झोपेत विचारलं तरी सांगेन, आणि नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षात त्यातला एस्पान्योल मी एकदाही बनवला नाही. प्रॅक्टिकलला चार-सहा जणांत मिळून एक कोंबडी. म्हणजे एक जण कापणार, बाकीचे बघणार आणि जर्नलमध्ये आकृती काढणार. खरी ओळख होते ती इंडस्ट्रियल ट्रेनिंगला, एक अख्खं सेमिस्टर हॉटेलात काढावं लागतं आणि स्टायपेंड एवढा की गाडीच्या पेट्रोलला पुरला तरी नशीब. आमच्या बॅचची बरीच मुलं ट्रेनिंगवरून परत आली ती थेट "मी फ्रंट ऑफिस घेणार" म्हणतच.

मी किचनच घेतलं. डिग्री झाल्यावर पुण्यातल्याच एका मोठ्या हॉटेलात कॉमी थ्री म्हणून लागले. नाव सांगत नाही. कॉमी थ्री म्हणजे किचनच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी, वर कॉमी टू, कॉमी वन, डेमी सीडीपी, सीडीपी (एका सेक्शनचा प्रमुख), सू शेफ (मुख्य शेफच्या लगेच खालचा) आणि सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह शेफ. ही रचना एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच शेफने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात 1890 नंतर बसवली, आणि तो आधी फ्रेंच फौजेत आचारी होता हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. "येस शेफ" सोडून दुसरं उत्तर नसतं. शेफने विचारलं का केलं असं, तरी "येस शेफ". फक्त आपल्याकडे त्या फौजेची भाषा हिंदी आहे, कारण अर्ध्या लाइनवर, म्हणजे शेगड्यांच्या रांगेवर, गढवालची मुलं, बाकी बंगाल, ओडिशा, नेपाळ, आणि मराठी म्हणाल तर मी, आणि भांडी धुणाऱ्या स्टुअर्डिंगमधल्या दोन मावशी. पुण्यात राहून दिवसभर मराठी बोलायला मिळायचं ते त्या दोघींशी. पहिल्या आठवड्यात त्यातल्या एकीने माझे हात बघून विचारलं, "शिकलेली दिसतेस गं, मग इकडं कुठं आलीस?"

इंटरव्ह्यूमध्ये मला आपोआप बेकरीत टाकत होते. मुलगी म्हणजे बेकरी किंवा फार तर कोल्ड किचन, सॅलड वगैरे, असं कुणी लिहिलेलं नाही पण असतं. उष्णता झेपणार नाही, वजन उचलता येणार नाही, रात्री उशीर होतो, आणि मेन म्हणजे गरम लाइनवर जी भाषा चालते ती तुमच्यासमोर बोलायला आम्हाला ऑकवर्ड होतं. हे शेवटचं कारण मला खरंच एका सीनियरने दिलं. म्हणजे शिव्या त्यांनी द्यायच्या आणि त्यांची अडचण होते म्हणून मी केक करायचे. मी हट्टाने इंडियन सेक्शन मागितला, आणि मिळाला, आणि मग पहिले कित्येक दिवस कोथिंबीर निवडली.

मी गंमत नाही करत. क्रेटच्या क्रेट कोथिंबीर. मग लसूण. मग कोलंबी, जिचं डोकं-साल काढलं की वजनात जवळपास निम्मीच उरते आणि ते उरलेलं वजन करून लिहायचं, कारण पर्चेसवाल्यांना हिशोब द्यायचा असतो. मग सकाळी इंडेंट, म्हणजे मालाच्या मागणीची चिठ्ठी, घेऊन स्टोअरला रांगेत उभं राहायचं. मग फ्रिजचं तापमान लिहायचं, 5 अंशांच्या खाली आहे ना, फ्रीझर उणे 18 आहे ना, प्रत्येक डब्यावर तारखेचं स्टिकर, जुनं पुढे नवीन मागे. शिजवलेलं गार करायला ठेवलं तर दोन तासांत 60 वरून 21 वर आणि पुढच्या चार तासांत 5 च्या खाली आलंच पाहिजे, नाहीतर फेकायचं. रात्री सगळं संपल्यावर रेंज, म्हणजे शेगड्या, घासायची, गटारावरच्या जाळ्या उचलून धुवायच्या. स्वप्नात जाळ्या नव्हत्या.

आता मखनीबद्दल. हॉटेलच्या इंडियन किचनमध्ये मेन्यूवर साठ पदार्थ दिसले तरी मागे पातेली चार-पाचच असतात. मखनी ग्रेव्ही, कांद्याची ब्राऊन ग्रेव्ही, काजूची व्हाइट ग्रेव्ही, यलो आणि एक चॉप मसाला. यांचीच उलटसुलट जोडणी करून तुमचं पनीर लबाबदार आणि कोल्हापुरी आणि शाही काय काय तयार होतं. (हे वाचून कुणाचं मन मोडलं असेल तर सॉरी.) कोथिंबीर-लसणातून सुटल्यावर मला मखनीवर लावलं. पन्नास किलो टोमॅटो, काजू, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, खडा मसाला, सगळं एका मोठ्या टिल्टिंग पॅनमध्ये, शिजवा, वाटा, गाळा, परत चढवा, लोणी, क्रीम, कसुरी मेथी. दिवसाआड. मला वाटलं आठवड्यात येईल, त्यात काय आहे, रेसिपी भिंतीवर लावलेलीच आहे ग्रॅममध्ये.

आमचे उस्ताद गढवालचे, पन्नाशीचे, शिक्षण फारसं नाही आणि जीभ अशी की गाळलेली ग्रेव्ही एकदा चाटून सांगायचे की आज मालात कोल्ड स्टोरेजचा टोमॅटो मिसळलाय. त्यांनी मला रेसिपीकडे बघूच दिलं नाही. म्हणायचे, "बेटा, कागज पे जो लिखा है वो साहब के लिए है." उन्हाळ्यातला नारायणगावचा टोमॅटो वेगळा, पावसाळ्यातला पाणचट आणि आंबट, त्यामुळे कधी काजू वाढवायचा, कधी अर्धा तास जास्त आटवायचं, कधी साखरेऐवजी थोडा मध, कधी मिरचीचा लॉट बदलला म्हणून रंग चढत नाही तर मिरची गरम पाण्यात आधी भिजवायची. हे सगळं कशासाठी? तर जूनमध्ये येऊन जेवलेला माणूस डिसेंबरमध्ये परत आला तर त्याला काहीही बदललेलं कळू नये यासाठी. म्हणजे चव रोज तीच राहावी म्हणून रोज काहीतरी वेगळं करावं लागतं, आणि ते तुम्ही केलंय हे कुणाला कळलं तर तुम्ही नापास. मी तर शिकायला आलेले लोकांना चकित करायला! हे माझ्या डोक्यात शिरायला बरेच महिने गेले आणि खरं सांगायचं तर जे शेफ होणार आणि जे सोडणार त्यांच्यातला फरक मला इथेच दिसतो. तेच ते करण्यात ज्याला मजा येत नाही त्याने घरी स्वयंपाक करावा, मित्रांना बोलवावं, मस्त आयुष्य आहे ते, पण नोकरी करू नये.

तसंच ब्रेकफास्टचं एग काउंटर. पहाटे पाचला रिपोर्टिंग, त्यासाठी साडेतीनला उठायचं, हॉटेलची गाडी घ्यायला यायची. रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा त्या काउंटरसमोर अशी रांग की दगडूशेठला मंगळवारी नसेल, समोर चार पॅन, आणि प्रत्येकाचं वेगळं. एकाला योक नको, एकाला मिरची नको पण तिखट हवं, एकाचं "थोडंसं रनी", एक आजोबा रोज येऊन सांगायचे की घरी आमची ही करते तसं कर आणि ही कशी करते ते सांगायचे नाहीत. एका बाईंनी विचारलं याच पॅनमध्ये माझ्या मुलासाठी अंड्याशिवाय काहीतरी होईल का. हसायचं, मान हलवायची, पॅन हलवायचा. मनगट असं दुखायचं की घरी येऊन स्कूटीचं हँडल धरवत नसे. पण ऑम्लेट मी तिथे शिकले, कॉलेजमध्ये नाही. शंभर लोकांना शंभर ऑम्लेटं दिली की हात स्वतःहून कळवायला लागतो की आता दुमड.

शनिवारची रात्र मात्र कुणालाच शिकवता येत नाही, ती अंगावर घ्यावी लागते. आठला शांतता, सव्वाआठला पहिली केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, पावणेनऊला प्रिंटर थांबतच नाही. पासवर, म्हणजे तयार प्लेटा जिथून बाहेर जातात तिथे, शेफ ओरडतोय, "टेबल बारा पिकअप! दोन दाल, एक रारा, नान कुठाय?" तंदूरवाल्याचा हात चारशे अंशांच्या भट्टीत, माझ्यासमोर सहा शेगड्या, घाम भुवईवरून थेट खाली, आणि डोक्यात फक्त एवढंच की कुठल्या पातेल्यात काय किती वेळ झालंय. त्या दोन तासांत वेळ कसा जातो ते कळत नाही. साडेअकराला शेवटचं टेबल गेलं की एकदम पायांची आठवण होते. हे मान्य करायला हवं की त्या दोन तासांची चटक लागते, आणि बाकीचे दहा तास माणूस त्यांच्याचसाठी सहन करतो. तुम्ही जेवता कधी असं लोक विचारतात. क्रेट उलटा घालून त्यावर बसून, प्लास्टिकच्या डब्यात, स्टाफ कॅफेटेरियाचा राजमा, सहा मिनिटांत. डोळे मिटून वगैरे काही नाही.

बाहेरचं आयुष्य म्हणजे, सगळ्यांची सुट्टी ती तुमची मरमर. गणपती, पाडवा, मदर्स डे ब्रंच, एकतीस डिसेंबर. ऑफ मंगळवारी. ब्रेक शिफ्ट नावाचा एक प्रकार असतो, अकरा ते तीन काम, मग चार तास मोकळे, मग सात ते बारा, आणि ते मधले चार तास घरी जाऊन यायला कमी आणि लॉकर रूममध्ये बसायला जास्त. कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला लावायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. संमतीचा फॉर्म माझ्याकडून पहिल्याच दिवशी बाकीच्या कागदांबरोबर सही करून घेतला होता. गाडी मात्र द्यायचे, ते खोटं नाही बोलणार. कधी गाडी चुकवून आम्ही दोघी-तिघी आपापल्या स्कूटीवर निघायचो आणि पहाटे नळस्टॉपला पोहे खायचो, आजूबाजूला नाइट आउट मारलेली कॉलेजची पोरं, आणि आमच्या केसांना फोडणीचा वास.

लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा एका स्थळाकडच्या काकूंना शेफ ऐकून फार आनंद झाला, म्हणाल्या म्हणजे आमच्या घरी मजाच आहे सगळ्यांची. आईने शिफ्ट सांगितली. त्यावर, "मग घरचा स्वयंपाक कोण करणार?" ते तिथेच राहिलं.

2020 मध्ये मार्चला सगळं बंद झालं. आम्हाला आधी अर्ध्या पगारावर, मग बिनपगारी ठेवलं, मग पत्र आलं. घरून डबे केले काही महिने, आजीच्या देखरेखीखाली, तो वेगळाच अपमान आणि वेगळीच मजा. 5 ऑक्टोबरला महाराष्ट्रात रेस्टॉरंटं निम्म्या क्षमतेने उघडली आणि त्यानंतर मला बाणेरला एका छोट्या जागेत सीडीपीची नोकरी मिळाली. हॉटेलचं मोठं किचन सोडून इथे आलं की पहिला धक्का म्हणजे आता सगळं तुम्हीच. स्टुअर्डिंगचा माणूस आला नाही तर भांडी तुम्ही. एक्झॉस्ट बंद पडला तर इलेक्ट्रिशियनला फोन तुम्ही. डिलिव्हरीचा मुलगा दारात, आत टेबलं भरलेली, आणि टॅबलेट टिंग टिंग वाजतोय.

आणि फूड कॉस्ट. हे कॉलेजात शिकवतात पण कळत नाही. विक्रीच्या किमतीच्या साधारण तीस टक्क्यांत कच्चा माल बसला पाहिजे, नाहीतर भाडं, पगार, गॅस, अ‍ॅपचं कमिशन जाऊन मालकाच्या हातात काही राहत नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला तेव्हा माझी सगळी मखनी तोट्यात, आणि मेन्यूचे भाव बदलता येत नाहीत कारण छापलेलं असतं आणि शेजारच्याने वाढवलेले नसतात. जून-जुलैत मासेमारी बंद, तरी गिऱ्हाइकाला सुरमई हवी. सू शेफ झाल्यापासून माझ्या हातात सुरीपेक्षा एक्सेल शीट जास्त असते. शेफला प्रमोशन मिळालं की त्याचा स्वयंपाक कमी होतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर, स्वप्नातली ती गोष्ट एकदा झाली. मालक म्हणाले, शेफ, तुमचं स्वतःचं काहीतरी ठेवा मेन्यूवर. मी मुळशीकडचा आंबेमोहोर घेऊन रिसोटोच्या, म्हणजे इटालियन मऊसर भाताच्या, पद्धतीने केला, तो भात मुळातच चिकटसर आणि वास असा की झाकण काढलं की आख्खं टेबल वळून बघतं. वर भाजलेला भोपळा, खाली ताकाचा हलका सॉस. ट्रायल झाल्या, फोटो निघाला, मेन्यूवर आला. पहिल्या शनिवारी मी स्वतः केला, काचेतून बघत होते, एक मुलगी खाताना खरंच थांबली. झालं, मिळालं जे हवं होतं ते!

दुसऱ्या दिवसापासून त्याचं कार्ड बनवलं. भात इतके ग्रॅम, स्टॉक इतका, भोपळ्याचे तुकडे दीड सेंटीमीटर, पिकअप टाइम, म्हणजे ऑर्डरपासून प्लेट तयार होईपर्यंत, नऊ मिनिटं. लाइनवरच्या दोन मुलांना शिकवला. नऊ मिनिटं म्हणजे गर्दीत फार, म्हणून भात आधी अर्धा शिजवून ट्रेमध्ये पसरून गार करायला लागलो, सगळीकडे तसंच करतात. महिन्याभरात त्यातला बालासोरचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला करायला लागला, कारण तो रोज करत होता आणि मी ऑफिसात बिलं जुळवत होते. म्हणजे माझी डिश पण शेवटी मखनीच झाली. आणि मला, का कोण जाणे, वाईट नाही वाटलं. उलट त्याची एक प्लेट पासवर आली, मी चमचा लावला आणि म्हणलं, आज तांदळाचं पोतं बदललंय का रे? बदललं होतं. उस्तादांना फोन करून सांगितलं, ते नुसते हसले आणि विचारलं पगार वाढला का.

पगाराचं पण सांगते कारण कुणी सांगत नाही. सुरुवातीला हातात बारा-तेरा हजार पडायचे, माझ्याबरोबर बारावी झालेली मैत्रीण तोवर हिंजवडीत त्याच्या दुप्पट घेत होती. आता बरा आहे, पण अजूनही ती पुढेच आहे. पैसा लवकर हवा असेल तर क्रूझ किंवा गल्फ, माझ्या बॅचची बरीच मुलं तिकडेच आहेत. जहाजावर कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत महिनोन् महिने साप्ताहिक सुट्टी नावाचा प्रकारच नसतो, ते पण विचारून घ्या. आणि फी भरायच्या आधी, डिसेंबरच्या लग्नसराईत ओळखीच्या केटररकडे महिनाभर जाऊन या. पाचशे माणसांचा बुफे, माणशी पन्नास-साठ ग्रॅम कच्चा तांदूळ धरला तरी पंचवीस-तीस किलो होतो, तो धुवा एकदा. फुकट काम करा, पण करा. बूट चांगले घ्या, बाकी काहीही चालेल.

सध्या आमच्याकडे एक ट्रेनी मुलगी आलीये, साताऱ्याची, हडपसरला पीजी राहते. मालक म्हणाले डेझर्टला लावू. मी तंदूरला लावली. पहिल्या आठवड्यात हातावरचे केस जळाले, दुसऱ्या आठवड्यात नान गोल यायला लागले. परवा विचारत होती, शेफ, गौरीजेवणाला घरी जाता येईल का. मी भिंतीवरचा रोस्टर दाखवला. त्या दिवशी आमच्या दोघींची ब्रेक शिफ्ट आहे. तिने फोटो काढला आणि आईला पाठवला, आणि लगेच आईचा फोन आला, तो तिने कट केला कारण कणीक मळायची राहिली होती.